त्रूदाचा चेहरा

"हिच्यापुढे गुडघे कोण टेकणार, सिस्टर? ही तर शाळेची फरशी पुसणारी त्रूदा." चर्चच्या भिंतीवरच्या चित्रात क्रूसाखाली उभ्या येशूच्या आईकडे, मारियेकडे बघत फादर म्हणाले.

परांचीवरची सिस्टर लिदविना ब्रश पुसतच राहिली. "पोर गेल्यावर आई कशी दिसते, ते मला हिच्याकडे बघून कळलं, फादर. खाणीतून तिच्या मुलाला वर आणलं तेव्हा मी तिथेच होते."

"जरा रेखीव करा ना. लोकांची कुरकुर चाललीय."

"मी नाही करणार. दुसरं कोणी बघा."

नेदरलंड्समधल्या लिम्बुर्गच्या त्या खाणगावात लिदविना वीस वर्षं मठाच्या शाळेत चित्रकला शिकवत होती. फादरनी बोलावलं ते तिच्याच विद्यार्थिनीला, फीनला. मास्त्रिखतला शिकून तिने चर्चच्या चित्रांत नाव काढलं होतं. फीनला संकोच वाटला, पण ती आली आणि दोन दिवसांत त्रूदाच्या चेहऱ्यावर नवा, देखणा चेहरा चढवला.

संध्याकाळी लिदविना बघायला आली. बराच वेळ बघत राहिली.

"रंग छान लागलाय," ती म्हणाली. "कोण गं ही?"

"कोणी नाही, सिस्टर. मनानेच काढली."

"हं. म्हणूनच ती कोणासाठी रडत नाहीये."

फीन परांचीवर चढली. रंग अजून ओला होता. तिने टर्पेंटाइनमध्ये फडकं बुडवलं आणि कपाळापासून हळूहळू पुसायला सुरुवात केली. आधी त्रूदाची भुवई दिसली, मग दमलेले डोळे, मग घट्ट मिटलेले ओठ.

"फादरना काय सांगशील?"

"सांगेन, जमलं नाही."

"खोटं कशाला बोलतेस? नाही करायचं, असं सांग."

फीनने तसंच सांगितलं. चेहरा राहिला, पण महिनाभरात वरून हुकूम आला: सिस्टर लिदविनाने उत्तरेकडच्या मठात जावं, तिथे स्वयंपाकघर सांभाळावं. शिकवणं बंद, चित्रंही बंद.

"तुम्ही वर दाद का मागत नाही?" फीनने विचारलं.

"चित्र भिंतीवर आहे ना? मग झालं तर."

निघायच्या दिवशी गाडी फाटकाशी उभी होती. लिदविना वर्गात होती. मुली स्वतःचा डावा हात समोर धरून त्याचं चित्र काढत होत्या. घंटा झाली तशा त्या कागद गुंडाळू लागल्या.

"बसा," ती म्हणाली. "अंगठा पुरा केल्याशिवाय कोणी उठायचं नाही."

आणि हात मागे बांधून ती बाकांमधून शेवटपर्यंत फिरत राहिली.