हळवी गाठ

आबांच्या मानेतली गाठ पंधरवड्यात लिंबाएवढीची पेरूएवढी झाली, तरी श्रीपती आबा इस्पितळात जायला तयार नव्हते.

"दत्तोबाला बी लिम्फोमाच व्हता न्हवं?" ओसरीवर बसून ते लेकीला म्हणाले. "चार वर्सं झाली, एक गोळी न घेता बरा झाला त्यो. अन् मलाच सलाइनी लावाय निघाली तू!"

अनघा लोणावळ्याला शाळेत शिकवायची. रजा टाकून गावी, औंढ्याला आली होती. "आबा, पहिल्या रिपोर्टात नुसतंच लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, एवढंच होतं. गाठीचा तोच तुकडा पुन्हा तपासला तेव्हा प्रकार कळला. तुमचा डिफ्यूज लार्ज बी-सेल. दत्तूकाकांचा फॉलिक्युलर. दोन्ही वेगळे."

"विंग्रजी नावं सांगून भ्या दावू नको."

बोलता बोलता त्यांनी पाण्याचा घोट घेतला. तो उतरायला किती वेळ लागला, ते तिने पाहिलं. सोमवारी पहिली केमो आहे, ती चुकवू नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. गेल्या काही दिवसांत तिने वाचायचं तेवढं वाचलं होतं. पण झपाट्याने वाढणारी गाठ औषधाने बरी होऊ शकते आणि संथ वाढणारी सहसा जात नाही, हे तिला घरच्या भाषेत आणता येत नव्हतं.

ती शेजारच्या दत्तोबाच्या शेतावर गेली.

"काका, तुमची गाठ गेलेली नाही, एवढं आबांना सांगा."

दत्तोबाने विळा खाली ठेवला. "हळू बोल. पोराची सोयरीक चाललीया. गावाला वाटतंय बरा झालो, तर वाटू दे की."

"तुमच्याकडे बघूनच आबा घरी बसलेत."

त्याने विळा पुन्हा उचलला. तीही थांबली नाही.

सोमवारी सकाळी दारात गाडी उभी होती आणि आबा बनियनवर ओसरीत बसून होते. अनघाचा आवाज चढू लागला होता. तेवढ्यात दत्तोबा आला. त्याने भाताच्या दोन लोंब्या आबांपुढे टाकल्या. एक पिवळीधमक, एक हिरवी.

"ह्ये हळवं, बिगीनं पिकतंय; ह्ये गरवं, दमानं. दोन्ही भातच ना?"

"मला भात शिकवतो व्हय रं?"

"माझी गाठ गरवी हाय, श्रीपती. तिला घाई न्हाई, म्हनून डाक्टर नुसती बघत्यात. पर ती गेलेली न्हाई. माझ्यासंगंच जायची ती."

"मग बरा झालो म्हनून पेढे वाटलेस ते?"

"चार तूच खाल्लेस."

आबा हसले नाहीत. दत्तोबाने पिवळी लोंबी उचलून तळहातावर घासली; दाणे लगेच सुटले. "तुझी हळवी हाय. उभी ठेवायची न्हाई."

आबांचा हात मानेकडे गेला. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"औषध घेतलं तर जाईल?"

नुसतं हो म्हटलं असतं तर ते लगेच उठले असते.

"पुष्कळांची जाते, आबा. कायमची जाते. सगळ्यांची नाही."

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"हळवं कापाय आलंया," आबा दत्तोबाला म्हणाले. "मी येईस्तवर गळायचं."

"मी हाय न्हवं. कापतो."

"बांधाकडनं धर. मागल्या साली तिकडंच सोडलं व्हतंस."

ते भिंतीला धरून उठले. "अनघा, सदरा दे. टोपी दे."

तिने दोन्ही दिलं. टोपी नेहमीचीच होती, पण खंगलेल्या चेहऱ्यावर आता ती कानांपर्यंत खाली येत होती. आबांनी ती मागे सारली, पुन्हा सारली, आणि गाडीकडे निघाले.