भिंतीवरचे अकरा पट्टे

माझ्या उदासपणाचं खापर माझ्या लेकीने भिंतीवर फोडलं. व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा बघून म्हणाली, मागे अशी राखाडी भिंत असली तर कुणीही कोमेजेल, रंगांचा मनावर परिणाम होतो, मी वाचलंय. तिचे बाबा जाऊन दीड वर्ष झालं होतं, घरात बोलायला चिटपाखरू नव्हतं, पण दोष सगळा भिंतीचा. मी वाद घातला नाही. तिचा फोन फक्त रविवारी यायचा, दहा-बारा मिनिटांचा. त्यातली पाच मिनिटं वादात कोण घालवणार?

रंगारीही तिनेच शोधला. पन्नाशीचा, मोजकं बोलणारा, कानामागे पेन्सिल. त्याने झोपायच्या खोलीत भिंतीवर हातभर लांबीचे तीन पट्टे मारले. फिका पिवळा, निळसर आणि कोवळ्या पानासारखा हिरवा. दिवसाउजेडी बघा, दिवा लावून बघा, मग सांगा, असं म्हणून तो गेला.

मी तीस वर्षं शिवणकाम केलंय. कापडाची चिंधी दाखवा, शंभर रिळांतून तिचा दोरा चष्म्याशिवाय काढून देईन. तो हिरवा मी वाळायच्या आधीच पसंत केला होता. लेकीला कळवावं म्हणून फोन हातात घेतला, तर तिचाच फोन आला. मंगळवारी! कोणता आवडला, विचारत होती. ओठांवर आलेला हिरवा मी गिळला.

"काही कळतच नाहीये गं," मी म्हणाले.

झालं. चाळीस मिनिटं तिने मला रंग समजावले. पिवळ्याने उत्साह येतो, पण फार झाला तर चिडचिड होते. निळा मन शांत करतो, पण एकट्या माणसाला गार वाटू शकतो. हिरवा डोळ्यांना विसावा देतो. मी मध्ये मध्ये शंका काढत राहिले. बुधवारी तिचा पुन्हा फोन आला, गुरुवारीही आला. मी म्हटलं, पिवळा दिव्याखाली आजारी दिसतो. मी म्हटलं, निळ्यात काळ्याचा थेंब जास्त पडलाय. मग रंगाऱ्याला बोलावून आणखी दोन पट्टे मारून घेतले, म्हणजे पुढच्या दोन दिवसांची सोय झाली.

चर्चेचं हे गुऱ्हाळ तीन आठवडे चाललं. रंगांच्या आडून बाकीचं सगळं यायचं. जांभळ्या पट्ट्यावरून तिला शाळेतला फ्रॉक आठवला. गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडातून मी तो शिवला होता आणि वर्गातल्या मुली तिला हसल्या होत्या. इतक्या वर्षांत हे ती मला पहिल्यांदा सांगत होती. गुलाबी पट्ट्याच्या दिवशी ऑफिसातल्या साहेबाबद्दल बोलता बोलता रडली, मग नाक पुसून म्हणाली, गुलाबी नकोच. मी इतकी सुखात होते की विचारू नका. दुपारपासूनच संध्याकाळच्या शंका जुळवून ठेवायचे.

अकराव्या पट्ट्याला मात्र रंगाऱ्याचा धीर सुटला. ब्रश पुसत म्हणाला, "मावशी, तुम्हाला रंग कळत नाही हे मला सांगू नका. माझ्याच दोन डब्यांतला फरक मघाशी तुम्ही मला दाखवलात. घोडं कुठे पेंड खातंय?" मी म्हटलं, एवढा एक वाळू दे, मग नक्की सांगते. त्याने भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि डबा बंद केला. मला ओशाळल्यासारखं झालं.

दोन दिवसांनी सकाळी तो शिडी आणि मोठे डबे घेऊन दारात हजर. ताईंनी रंग ठरवलाय, म्हणाला. मी तिथल्या तिथे लेकीला फोन लावला. ती एकदम खुशीत होती.

"आई, तुझी डोकेदुखी मिटवली. रोज उठून तुला त्याच त्याच गोष्टीचा त्रास, मला बघवेना. म्हणून मीच त्यांच्याशी बोलून टाकलं."

माझं नाटक चांगलंच वठलं होतं.

दोन दिवसांत खोली झाली. रंग तोच, कोवळ्या पानाचा. पोटची पोर, नजरही माझीच घेतलेली. तिने मला नाव ठेवायलासुद्धा जागा ठेवली नाही. सकाळचं ऊन भिंतीवर आलं की खोली खरंच देखणी दिसायची. पलंगाच्या कडेला बसून मी ती बघत राहिले आणि राखाडी भिंतीत कधी वाटलं नव्हतं इतकं एकटं वाटलं.

बुधवारी फोन नाही. गुरुवारी नाही. शुक्रवारी मी फोन चार्ज आहे ना, ते दोनदा तपासलं. रविवारी आला. आता प्रसन्न वाटतं ना, तिने विचारलं. हो म्हणून मोकळं व्हायचं असं मी ठरवलं होतं, पण तोंडून गेलंच.

"रंग मी पहिल्याच दिवशी पसंत केला होता. सांगितला असता तर तुझे फोन थांबले असते."

ती म्हणाली, "अगं, मग तसं सांगायचं ना मला." यापुढे रोज सव्वासातला फोन करीन, असा शब्द दिला.

शब्दाची पक्की आहे. रोज सव्वासातला फोन वाजायचा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, गुडघा कसा आहे. माझी तीन उत्तरं झाली की दोघी गप्प. आधी आम्ही दोघी मिळून भिंतीकडे बघत होतो. आता ती एकटी माझ्याकडे बघत होती. मी नवीन विषय काढायचे, शेजारचा जिना, भाजीवाला, वर्तमानपत्रातली बातमी. ती हं हं म्हणायची आणि तिच्या मागून कीबोर्डची टकटक ऐकू यायची. तिची चूक नव्हती. दिवसभर राबून आलेल्या माणसाने रोज उठून गुडघ्याबद्दल किती बोलावं?

नवव्या दिवशी तिने जांभई दाबली, ती मला कळली. मीच म्हटलं, "रोज नको करत जाऊस. रविवारी कर, निवांत बोलता येतं."

"नक्की ना, आई?"

तिने एका क्षणाचाही वेळ घेतला नाही. ओझं खाली ठेवल्यावर माणसाचा आवाज जसा हलका होतो, तसा तिचा झाला होता.

"नक्की," मी म्हणाले, आणि तिला ठेवावा लागू नये म्हणून फोन मीच आधी ठेवला.