तिसरा चौकोन

रानात प्रयोगासाठी आखलेल्या तिसऱ्या चौकोनात सात मिलिमीटर लांबीची दोन पानं उगवली होती. रानाची देखभाल पाहणाऱ्या बाईंनी भिंग धरलं. कडा दातेरी होत्या, म्हणजे तण नव्हे, रानातल्याच झाडाचं रोप.

शहराच्या राखीव रानातलं तण कसं काढायचं, हे बाईंना तीन वर्षं ठरवता येत नव्हतं. पहिल्या चौकोनात फवारणीने तण मेलं, पण रोपंही गेली. दुसऱ्यात ते मुळासकट उपटताना माती उकरली गेली आणि तण दुपटीने उगवलं. तिसऱ्यात मुकादमकाकांनी प्रत्येक खोड कापून त्यावर ब्रशने औषधाचा थेंब लावला होता. बाईंचा निर्णय होईना, म्हणून उद्या कचेरीची फवारणीची गाडी येणार होती, सगळ्या रानासाठी.

"अजून एक वर्ष रोपं मोजणार का बाई?" काका गुडघे धरत उठले. "तोवर तण डोक्यावर मिऱ्या वाटेल!"

"ब्रशला किती दिवस लागतील?"

"फवाऱ्याला आठवडा, ब्रशला सहा महिने. माझे गुडघे धरून!"

बाईंनी भिंग खिशात ठेवलं आणि कचेरीला फोन लावला.

"उद्याची गाडी पाठवू नका. रान आम्ही ब्रशनेच साफ करणार."