स्टमक दहा

"उठतं का नाई व? का घालू पाठीत लाकूड?"

बायाबाईचा आवाज त्या सकाळी अख्ख्या ढिवर टोल्यात ऐकू आला. रोवण्याचे, धानाच्या लावणीचे दिवस होते. शेतातल्या बांध्या पाण्यानं डबडबलेल्या, आभाळ टेकून बसलेलं, आणि घरातली जमीन इतकी ओली की गोधडीसुद्धा खालून दमट लागायची. इश्वरभाऊच्या बांधीत रोवणा लागला होता. बाकीच्या बाया पदर खोचून केव्हाच निघाल्या होत्या आणि बायाबाईची मोठी पोरगी नीतू अजून गोधडीतच होती.

"माय, पोट दुखते व. भल्लं दुखते."

"परवाबी दुखे. मंग बोडीत पोहून राहिली होती ते कोणाचं पोट होतं?"

 परवा खरंच नीतूनं पोटाचं निमित्त केलं होतं आणि शाळा बुडवून बोडीत पोहत बसली होती. बायाबाईनं तिला केस धरून पाण्यातून काढली होती. आज मात्र ती उठली ती भिंतीला धरून, मागच्या दारी गेली आणि ओकली. धाकटी रिंकू दारात उभी राहून पाहत होती.

"माय, ताई ओकली व."

"घशात बोट घातलं असन. नाटकं! आज साहेब येऊन राहिला शाळेत. सरनं बजावून सांगतलं का पोरीले धाडाच म्हणून. चाल, वेणी घालतो."

वेणी घालताना नीतूची मान मागं-मागं पडत होती. बायाबाईनं ती दोनदा सरळ केली, तिसऱ्यांदा टपली मारली. बाप बुधराम पहाटेच जाळं घेऊन तलावावर गेला होता. घरात बायाबाईला अडवणारं कोणी नव्हतं. तिनं दोघी पोरींना शाळेच्या रस्त्याला लावलं आणि चिखल तुडवत रोवण्यावर गेली.

करडी गावाच्या पुढं, तलावाच्या पाळीला लागून आमचं गाव. एका बाजूला शेतकऱ्यांची घरं, दुसऱ्या बाजूला मासे धरणाऱ्या ढिवरांचा टोला, मधात शाळा. चंद्रकुमार सर भंडाऱ्याहून मोटरसायकलनं यायचे. माणूस कामाचा होता. भिंती रंगवून घेतल्या, पोरांना रांगेत जेवायला बसवलं. पण इंग्रजीचं वेड डोक्यात गेलं होतं. खेळ, छंद आणि आरोग्य, ह्या तीन गोष्टींचे इंग्रजी शब्द चौथीच्या पोरांकडून त्यांनी घोटून घेतले होते. भिंतीवर रंगीत चित्रं, खाली शब्द. त्यावर तालुक्याच्या साहेबासमोर कार्यक्रम करायचा होता.

आणि एक नियम होता. इंग्रजीच्या तासाला जो आपली बोली बोलेल, त्याच्या गळ्यात पुठ्ठा. पुठ्ठ्यावर गाढव काढलेलं आणि खाली लिहिलेलं, 'मी अडाणी'. दुसरा कोणी चुकेपर्यंत तो पुठ्ठा उतरायचा नाही.

नीतू तशी हुशार. खेळांचे शब्द सांगताना सगळी पोरं क्रिकेट, कबड्डी करत बसली, तर ही उठून म्हणाली, "स्विमिंग." सर खूष झाले. छंदाची पाळी आली तेव्हा ती त्याच जोरात म्हणाली, "माय हॉबी इज फिशिंग."

वर्ग हसून लोळला. इश्वरभाऊचा गोलू नाक दाबून म्हणाला, "मच्छीबाजार!"

"फिशिंग तुमचा धंदा आहे, छंद नाही," सर म्हणाले. "साहेबांसमोर असलं सांगायचं नाही. तू ड्रॉईंग म्हण."

"पण सर, मले चित्र काढता येत नाई जी. मासे धरता येते."

हे तिनं बोलीत म्हटलं. पुठ्ठा तिच्या गळ्यात आला. त्या दिवसापासून बाकीची पोरं तोंड शिवून बसू लागली, चुकायला कोणी तयार नव्हतं, आणि पुठ्ठा तिच्याच गळ्यात राहिला. दुपारच्या खिचडीच्या वेळीसुद्धा गोलूची टोळी तिच्याभोवती नाक दाबून फिरायची. एकदा तिनं गोलूचा चावा घेतला, तर मार तिलाच बसला. मग ती पोट दुखतं म्हणून सांगायला लागली आणि बोडीत जाऊन पोहायला लागली. पाण्यात तिला कोणी हात लावू शकत नव्हतं.

आरोग्याचे शब्द मात्र पोरांना आवडले होते. हेडएक म्हणजे डोकेदुखी, टूथएक म्हणजे दातदुखी, स्टमकएक म्हणजे पोटदुखी. पोरांनी त्याचा खेळ केला. थोडं दुखलं तर स्टमक एक, जास्त दुखलं तर स्टमक दोन. सर पाठमोरे झाले की वर्गात हळू आवाजात चालायचं, "काहून बे, टूथ चार का टूथ पाच?" नीतू गळ्यात पुठ्ठा असूनही त्या खेळात हसायची.

त्या दिवशी साहेब आले तेव्हा शाळेच्या वऱ्हांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. सरपंच, शाळा समितीचे इश्वरभाऊ, पाचसहा मंडळी. नीतूचा पुठ्ठा तेवढ्यापुरता कपाटात गेला होता. पोरांनी आधी खेळ म्हणून दाखवले, मग छंद. नीतूची पाळी आली तेव्हा ती "माय हॉबी इज ड्रॉईंग" म्हणाली खरी, पण आवाज नाकातून निघाला.

शेवटी दवाखान्याचं नाटक होतं. गोलू डॉक्टर, गळ्यात दोरीचा स्टेथोस्कोप. नीतू पेशंट. तिनं म्हणायचं होतं 'आय हॅव अ फीव्हर', गोलूनं गोळी द्यायची होती, तिनं 'थँक यू डॉक्टर' म्हणायचं होतं. झालं एवढंच नाटक.

सरांनी मोबाईल उभा धरला आणि शूटिंग सुरू केलं.

"व्हॉट इज द मॅटर?" गोलू म्हणाला.

नीतू टेबलाला धरून उभी होती. एक हात पोटावर. पापण्या अर्ध्यावर आलेल्या. तिनं सरांकडं पाहिलं, मग साहेबांकडं.

"आय हॅव अ स्टमकएक," ती म्हणाली.

सरांच्या कपाळाला आठी पडली. ठरलं होतं एक, पोरगी बोलली भलतंच. गोलूलाही पुढचं सुचेना. पण साहेब खुर्चीत पुढं सरकले.

"अरे वा! ही पाठ केलेलं नाही बोलत. मनानं उत्तर देते." मग तिलाच विचारलं, "स्टमकएक? व्हेरी मच?"

नीतूनं ओठ हलवले. लाळ हनुवटीवर आली, ती तिनं बाहीनं पुसली. खूप दुखतं हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते कोणी शिकवलं नव्हतं. आणि बोलीत बोलायची तिची हिंमत नव्हती.

"स्टमक दहा, सर," ती म्हणाली. "स्टमक दहा."

पोरं खदाखदा हसली. हसण्याचं कारण मोठ्यांना कळलं नाही, पण तेही हसले. साहेबांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली.

"काय अ‍ॅक्टिंग करते पोरगी! डोळे बघा कसे केले," साहेब म्हणाले.

दुसरीच्या पोरांत बसलेली रिंकू तेवढी हसली नाही. ती उठून उभी राहिली, तर तिच्या बाईंनी तिचा फ्रॉक ओढून खाली बसवलं.

"थ्रोट," नीतू म्हणाली आणि गळ्याला हात लावला. पुढचा शब्द आला नाही. टाळ्या चालूच होत्या. सरांनी मोबाईल बंद केला, तिच्या पाठीवर थाप दिली आणि पोरांना खिचडीला सोडलं. ती थाप त्यांनी तिला पहिल्यांदाच दिली होती.

खिचडीच्या रांगेत नीतूनं घास तोंडात घातला आणि तो गिळताच आला नाही. ती ताटात तोंडावरच पडली. स्वयंपाकाची गिरजाबाई धावली. तिनं पोरीचं तोंड पुसलं, डोळे उघडायला सांगितलं, तर पापण्या वर उचलेनात.

"सर! पोट्टीचं काई खरं नाई दिसत जी! गाडी आणा!"

साहेबांची गाडी नुकतीच निघून गेली होती. इश्वरभाऊनं आपली गाडी काढली. बांधीतून बायाबाईला बोलावलं, ती गुडघाभर चिखलानं तशीच येऊन बसली. वाटेतल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं पोरीचे डोळे पाहिले आणि पहिलंच विचारलं, "खाली झोपते का ही? रात्री काही चावलं का?"

"नाई जी. पोट दुखते म्हणे सकाळपासून."

"मण्यार साप चावला की असंच होतं. मुंगी चावल्यासारखं वाटतं, दातांच्या खुणा दिसत नाहीत. आधी पोट दुखतं, मग डोळे, मग गळा. सकाळीच आणायचं होतं, बाई."

त्यानं सुई लावली, अँब्युलन्समध्ये स्वतः बसला, तोंडावर हवेचा फुगा दाबत राहिला. भंडारा यायच्या आधीच पोरगी गेली. दुसऱ्या दिवशी बुधरामनं घर उपसलं तेव्हा धानाच्या कोठीमागं तो काळा मण्यार निघाला. बुधरामनं त्याला मारला आणि तो मेल्यावरही मारतच राहिला.

सरांनी ते शूटिंग खिचडीच्या आधीच मास्तरांच्या ग्रुपवर टाकलं होतं. नीतू अँब्युलन्समध्ये होती तेव्हा त्याच्यावर टाळ्या आणि फुलं येत होती. संध्याकाळी सरांनी ते ग्रुपवरून काढून टाकलं, तोवर ते कुठं कुठं गेलं होतं.

नीतूचे दिवस झाल्यावर बायाबाई शाळेत आली. ऑफिसात सर होते, इश्वरभाऊ होते, आणि बापाचा डबा घेऊन आलेला गोलू होता.

"सर जी," बायाबाई म्हणाली, "माह्या पोरीचा एक फोटूबी नाई माह्यापाशी. तुमच्या मोबाईलात नीतू बोलते म्हणते लोक. मले द्या."

"बायाबाई, राहू द्या. कशाला त्रास करून घेता?"

"द्या जी. हात जोडतो."

इश्वरभाऊनं द्या म्हणून मान हलवली. सरांनी बुधरामच्या तडा गेलेल्या मोबाईलवर ते पाठवलं आणि लावून दिलं. बायाबाईनं उभ्यानंच पाहिलं. पोरीचा आवाज आला तशी तिनं पदर तोंडात कोंबला.

"काय म्हणते जी थे? मले इंग्रजी समजत नाई. थे बोल्ली का काई, दुखते म्हणून? मीच धाडलो तिले, सर. टपली मारून धाडलो. तिले तठी लय दुखत होतं का?"

 सर टेबलावरच्या काचेकडं पाहत होते.

"नाही," ते म्हणाले. "ती म्हणते, मला पोहायला आवडतं. माझी तब्येत चांगली आहे, म्हणते."

"पोटावर हात कायले ठेवला मंग?"

"तसंच उभं राहायला सांगितलं होतं. सगळ्यांना."

"अन् दहा म्हणते ते? दहा तं आपलंच होय न?"

सरांनी गोलूकडं पाहिलं. गोलूनं डबा छातीशी धरला होता आणि त्याची नजर जमिनीत होती.

"दहापैकी दहा," सर म्हणाले. "तिला दहापैकी दहा मार्क मिळाले. म्हणून तर टाळ्या वाजवल्या लोकांनी."

दया आली म्हणून म्हणाले की स्वतःची कातडी वाचवायला, ते त्यांचं त्यांनाच माहीत. बायाबाईनं मात्र वाकून सरांचे पाय धरले. सरांना ते सोडवता येईनात. महिन्याभरात त्यांनी बदली करून घेतली.

बायाबाई त्यानंतर रोज ते शूटिंग लावायची. जाळं शिवायला बसली की लावायची, पाव्हणा आला की लावायची. "पाहा, माही नीतू इंग्रजी बोलते. आंगात काई दुखणं नोयतं तिच्या तवा, चांगली होती. दहापैकी दहा भेटले." टोल्यात कोणाला इंग्रजी येत नव्हतं, आणि वरच्या गावात ज्यांना येत होतं ते हो म्हणून मान हलवायचे. इश्वरभाऊ तर तिच्या दारावरून जायचंच टाळायचे. बायाबाईला त्या शूटिंगनं जगवलं, हे खरं. ती पुन्हा जेवायला लागली, पुन्हा रोवण्यावर जायला लागली.

दोन वर्षांनी रिंकू चौथीत गेली. आता डिंपल मॅडम होत्या. पुठ्ठा त्यांनी आल्या-आल्या जाळून टाकला होता. पोरांना जवळ बसवून, स्वतःच्या अंगावर हात ठेवत त्या शब्द शिकवायच्या. हे डोकं, हा गळा, हे पोट. डोकं दुखलं की काय म्हणायचं, पोट दुखलं की काय म्हणायचं.

त्या संध्याकाळी रिंकू घरी आली तेव्हा पाऊस लागला होता. बायाबाई चुलीपाशी मासोळ्या साफ करत होती आणि फळीवर मोबाईल चालू होता. रिंकूनं तो आवाज इतक्यांदा ऐकला होता की तिचं त्याच्याकडं लक्षही नसायचं. आज ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून फळीपाशी गेली. शूटिंग संपलं. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा संपलं.

"काय पाह्यतं व इतकं?" बायाबाई म्हणाली.

रिंकूनं ते तिसऱ्यांदा लावलं.

"तूबी आता इंग्रजी शिकली न? सांग बरं, काय म्हणते तुही ताई."

बायाबाईचे हात खवल्यांनी भरलेले होते. ती मान वर करून हसत पाहत होती, आणि तिला लेकीच्या तोंडून पुन्हा तेच ऐकायचं होतं.

"पोहायले आवडते म्हणते," रिंकू म्हणाली.

"अन्?"

"अन् तब्येत चांगली आहे म्हणते."

"आणखी?"

रिंकूनं मोबाईल पालथा ठेवला.

"दहापैकी दहा भेटले म्हणते, माय."

"पाह्य, सर तेच सांगे!" बायाबाई म्हणाली आणि मासोळीचं पोट कापायला लागली. "तुले येते का तसं बोलाले? बोल न, आयकू दे मले."

रिंकू चुलीसमोर उभी राहिली. ताई बोलली होती ते ती शब्दानं शब्द बोलली, सगळंच्या सगळं.

"नीतूपक्षा तुहं साफ आहे," बायाबाई म्हणाली. "थे जराशी अडखळे."