चार वाटे

आमच्या ह्यांना, म्हणजे एकनाथ मास्तरांना, इंग्रजी विरामचिन्हांचं वेड होतं. घरात मीठ नसलं तरी चालेल, पण वाक्याच्या शेवटी टिंब हवं. पासष्ट साली तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. तिथल्या एका ठेकेदाराने कारकुनाची एक जागा भरण्यासाठी ह्यांच्याकडे इंग्रजी प्रश्नपत्रिका मागितली, तेव्हा स्वारी हवेतच होती. प्रश्नही नव्या तऱ्हेचे. एक प्रश्न, खाली चार उत्तरं, बरोबर असेल त्यावर खूण करायची.

आठवडाभर आमच्या बोईसरच्या घरात टाइपरायटर खडखडत होता. प्रश्नाला प्रश्नचिन्ह, मग एक ओळ मोकळी, मग कंसातली ए, बी, सी, डी, एकाखाली एक, समास पट्टीने मोजून. चाळीस प्रश्न झाल्यावर ह्यांनी कागद ओटीवर मांडले आणि लेकाचं बारसं असल्यासारखे बघत बसले.

तेवढ्यात नवापूरची साखरबाई सुके बोंबील घेऊन आली. तिची हंसा ह्यांचीच विद्यार्थिनी, मॅट्रिक झालेली, आणि याच परीक्षेला बसणार होती. नवरा वारल्यावर साखरबाईने डोक्यावर पाटी वाहून लेकीला शिकवलं होतं. मी कागद झाकायला उठले. हे म्हणाले, "असू दे गं, तिला कुठे वाचता येतं?"

साखरबाई उकिडवी बसून बघत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, हे वाटे कोनी लावले?"

"कसले वाटे?"

"हेच की. चार-चार. ह्यातला हा उचलायचा." तिने एकेका प्रश्नाखाली बोट ठेवत नेलं. "इथं हा. आनि इथं हा."

ह्यांचा चेहरा उतरला. तिची सगळी उत्तरं बरोबर होती. "तुला इंग्रजी येतं?"

"मला मासली येते. तीन वाटे हलके, एक भरलेला. गिऱ्हाइकाचा डोला थेट तिथंच जातो. आनि त्याच वाट्याला तुमी ठिपका दिलाय, बाकीच्यांना नाय."

चार यत्ता इंग्रजी माझ्याही झाल्या होत्या. मी वाकून पाहिलं. माल आल्यावर कारकुनाने काय करावं, या प्रश्नाला चुकीची उत्तरं एकेका शब्दाची: झोपावं, हसावं, पळावं. बरोबर उत्तर मात्र दीड ओळीचं, स्वल्पविरामासकट, शेवटी पूर्णविराम. खोट्या उत्तराला पूर्णविराम द्यायला ह्यांचा हातच धजला नव्हता. असा हा माझा भोळा सांब.

माझ्या मनात पाप आलं, ते सांगते. ही आता घरी जाऊन लेकीला म्हणणार, भरलेला उचल, की झालं काम!

साखरबाईने पदराने तोंड पुसलं. "सारखे करा, मास्तर. माज्या पोरीनं नुसत्या डोल्यानं उचलला, तं तिच्या शिकल्याचं काय?"

मग दुपारभर हे उत्तरं वाढवत, छाटत बसले आणि ती लांबून सांगत राहिली, "ह्याला कमी हाय." खोट्या उत्तरांनाही पूर्णविराम मिळाले. उठताना ती म्हणाली, "आता वाटे माज्या नजरेनं लागले. आमच्यात मासली वाटताना लावनारा शेवटी उचलतो." आम्ही हसून सोडून दिलं.

परीक्षेच्या दिवशी हे घामाघूम होऊन घरी आले. वीस जण बसले होते. एकोणीस जणांनी भराभर खुणा करायला घेतल्या. हंसाने पेन्सिल बाजूला ठेवली ती ठेवलीच. हे जवळ गेले तर पुटपुटली, "आयनं शपत घातलीय, समद्यांच्या शेवटी." देखरेखीला हेच होते, ते घड्याळ बघत फेऱ्या मारत राहिले. शेवटचा मुलगा कागद देऊन उठला, तेव्हा पाच मिनिटं उरली होती. मग तिने पेन्सिल उचलली आणि चाळीस खुणा सरसर करून टाकल्या.

त्यातल्या एकोणचाळीस बरोबर निघाल्या. बाकीचे खुणा करत होते तोवर पोरीने अख्खा कागद तीनदा वाचला होता.

"उचलू नको म्हटलं व्हतं," साखरबाई नंतर म्हणाली. "बघू नको कुटं म्हटलं?"

जागा हंसालाच मिळाली. ते सांगायला आली तेव्हा साखरबाईने ओटीवर बोंबलांचे तीन वाटे लावले. "मास्तर, हंसा आनि मी. तिघांनी मिलून मारलेली मासली. मंजुलाबाय, मास्तरांचा वाटा तुमी उचला, आदी."

मी सवयीने भरलेला वाटा शोधू लागले. तिन्ही अगदी सारखे होते. त्या दुपारी हिच्याबद्दल काय मनात आलं होतं ते आठवलं आणि अशी लाज वाटली की हात पुढे होईना. साखरबाई तशीच बसून राहिली. वाटे तिने लावले होते; मी उचलल्याशिवाय ती तिचा उचलणार नव्हती.