भरलेलं की रिकामं

आमच्या कामात 'ते असं म्हणतात' असं म्हणायची सोय नाही. बोलणारा 'मी' म्हणाला की माझे हातही 'मी' म्हणतात. मंत्री बोलत असेल तर तेवढा वेळ मी मंत्री, व्यापारी बोलत असेल तर व्यापारी. पदरचं काही घालायचं नाही आणि ऐकलेलं काही गाळायचं नाही, एवढं सांभाळत गेली चौदा वर्षं मी टीव्हीच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात उभी राहते आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी खुणांनी बोलते.

त्यांच्यातल्याच एक माझ्या सासूबाई. विषय काय आहे याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं, सून दिसते म्हणून बघतात. हात नीट दिसावेत यासाठी आम्हाला गडद, बिनानक्षीचे कपडे घालावे लागतात, त्यावरून घरी गेल्यागेल्या मला ऐकावं लागतं. ऐकावं म्हणजे बघावं. "कोळशाच्या वखारीत कामाला आहेस का तू? जरा रंगीत घाल की."

लग्न झालं तेव्हा मला या भाषेतलं ओ की ठो येत नव्हतं. आईंशी बोलता यावं म्हणून शिकले, त्यातच पुढे पोट भरायला लागलं. पण त्यांची भाषा अर्धी बाहेरची आणि अर्धी घरची. शाळेत त्या दोनच वर्षं गेल्या. बोटांनी एकेक अक्षर करून नाव सांगायला लागलं, तर तिसऱ्या अक्षराला त्या पहिलं विसरतात आणि वैतागून हात झटकतात. म्हणून आमच्या घरात प्रत्येक माणसाला, प्रत्येक वस्तूला त्यांनी ठेवलेली एक खूण आहे. ती आम्हा तिघांशिवाय जगात कुणाला कळत नाही.

ह्यांच्या जहाजाची खूणही त्यांचीच. तळहात छातीवर ठेवून थरथरवायचा आणि तसाच थरथरत पुढे न्यायचा. हे तेलवाहू जहाजावर इंजिनखोलीत फिटर. पहिल्या सुट्टीला आले तेव्हा ह्यांनी सांगितलं होतं, "आई, खाली इतका आवाज असतो की सगळेच बहिरे. हातांनीच बोलतो आम्ही. नुसती जमीन थरथरते." त्यावर आई पोट धरून हसल्या होत्या. "म्हणजे घर सोडून गेलास आणि माझ्याच घरी जाऊन पडलास."

दहा दिवसांपूर्वी ह्यांचा फोन आला. जहाज माल भरायला वळवलं होतं, त्या सामुद्रधुनीच्या दिशेने, जिच्या दोन्ही काठांवर युद्ध चालू आहे. "नाही म्हणता येतं," हे म्हणाले, "कागद पुढे ठेवला होता कंपनीने. पण खाली आम्ही सगळे मिळून पाच. मी उतरलो तर उरलेल्यांनी दिवसरात्र उभं राहायचं का?" मग म्हणाले, "आईला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. खोटं बोलायचं नाही हा माझा रोजचा नेम आहे. सकाळी प्रार्थना करून उठताना तो मी मनात पुन्हा घेते. न सांगणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी मी दहा दिवस मनाची समजूत घालत होते. आई विचारायच्या, "जहाज कुठे आहे?" मी म्हणायची, "पाण्यावर." त्या हसायच्या.

त्या रविवारी नगरसभागृहात जाहीर चर्चा होती, सकाळी साडेदहा ते साडेबारा, टीव्हीवर थेट. विषय: दूरच्या युद्धाची झळ आपण किती सोसायची? मंचावर तेलाचे एक मोठे व्यापारी, ट्रकवाल्यांच्या संघटनेचे पुढारी आणि अर्थशास्त्राच्या एक प्राध्यापिका. मधे अध्यक्ष. खाली तीनशे माणसं, आणि बाहेर पेट्रोलची रांग पार सभागृहाच्या फाटकापर्यंत आलेली.

आम्ही खुणा करणाऱ्या दोघी असतो. वीस मिनिटं एकीने करायचं, मग दुसरीने. नाहीतर डोकं आणि खांदे दोन्ही संपावर जातात. एक कॅमेऱ्यासमोर उभी असते तेव्हा दुसरी समोरच्या खुर्चीवर बसून तिच्यावर लक्ष ठेवते, काही निसटलं तर हळूच दाखवते. शेवटची पाळी माझी होती.

तोवर चर्चेला चांगलाच रंग चढला होता. प्राध्यापिका आलेख दाखवून सांगत होत्या की भाव आणखी महिनाभर चढेल, मग उतरेल.

पुढारी म्हणाले, "बाई, तुमचा आलेख सुंदर आहे. पण माझी गाडी आलेखावर चालत नाही, डिझेलवर चालते."

लोक हसले. मीही हसण्याची खूण केली. तीही करावी लागते.

"आणि हे साहेब," पुढाऱ्यांनी व्यापाऱ्यांकडे बोट केलं, "ह्यांची टाकी युद्धाआधीच कशी काय भरलेली असते? कोण सांगतं ह्यांना?"

व्यापारी शांतपणे म्हणाले, "मी काही ज्योतिषी नाही."

"ज्योतिषी परवडला. तो निदान हात बघून पैसे घेतो."

पुन्हा हशा. मागून कुणीतरी ओरडलं, "हात नको, खिसा बघा त्यांचा." अध्यक्षांनी टेबलावर पेन आपटलं. मी पुढारी झाले, व्यापारी झाले, मागचा ओरडणाराही झाले.

बारा वाजून सोळा मिनिटांनी एका बाईंनी मंचावर येऊन अध्यक्षांच्या हातात चिठ्ठी दिली. त्यांनी ती आधी मनाशी वाचली, मग माइक जवळ ओढला.

"आत्ताच हाती आलेली बातमी. सामुद्रधुनीच्या तोंडाशी एका तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडलं आहे. जहाजाला आग लागली आहे." आणि त्यांनी जहाजाचं नाव वाचलं. अकरा अक्षरांचं परदेशी नाव. त्यांना ते धड उच्चारताही आलं नाही.

मला ते पत्रांवर, पाकिटांवर, पगाराच्या कागदांवर लिहिलेलं पाठ होतं.

हात थांबले नाहीत. थांबायची सवयच नाही त्यांना. समोरून माझ्या जोडीदारणीने भुवया उंचावल्या. तिला ठाऊक होतं हे समुद्रावर असतात, पण कुठल्या जहाजावर ते नव्हतं. मात्र माझ्या तोंडाचा रंग तिला दिसला असावा. 'मी येऊ का?' अशी तिने मांडीवरच खूण केली. मी मान हलवली. मी मधेच चौकोनातून गेले असते तर आईंनी ओळखलं असतं. आत्ता निदान त्यांना काही कळलेलं नाही, मी मनात म्हणत होते. एक जहाज पेटलं एवढंच कळलंय. जहाजं काय शेकड्यांनी असतात. नाव अक्षरांनी गेलं, ते त्यांना वाचता येत नाही. चर्चा संपली की घरी जायचं, समोर बसायचं आणि मग आपल्या हातांनी, सावकाश.

मग व्यापाऱ्यांनी विचारलं, "भरलेलं होतं की रिकामं?"

मी विचारलं, भरलेलं होतं की रिकामं?

अध्यक्षांनी कानातल्या यंत्रावर बोट दाबून ऐकलं. "रिकामं. माल भरायला चाललं होतं."

तीनशे माणसांनी धरलेला श्वास सोडल्याचा आवाज मी ऐकला. त्यालाही खूण आहे. ती केली.

"मग बाजारावर फारसा परिणाम नाही," व्यापारी म्हणाले. "खरं सांगू का, मला हायसं वाटलं."

मला हायसं वाटलं, माझे हात म्हणाले. आणि आमच्यात चेहराही बोलण्याचा भाग असतो, म्हणून चेहऱ्यावरही हायसं आणावं लागलं.

रिकाम्या जहाजाचं ह्यांनी आम्हाला सांगितलेलं आहे. जेवणाच्या टेबलावर पेला उपडा करून, आईंना समजेल असं. भरलेल्या टाकीत तेल असतं, ते जळतं. रिकाम्या टाकीत तेलाची वाफ असते. त्या वाफेला पेटू न देणारी यंत्रणा नीट चालू असेल तर काही होत नाही, पण ठिणगी पडायच्या वेळी यंत्रणा बंद असेल तर टाकी जळत नाही, फुटते. "लोक भरलेल्या जहाजाला भितात," हे म्हणाले होते. "आम्ही रिकाम्याला."

त्यानंतर पुढारी म्हणाले की आज रिकामं गेलं, उद्या भरलेलं जाईल, तेव्हा भाड्याचं काय. प्राध्यापिका म्हणाल्या की विम्याचा हप्ता आजच दुपारपासून चढेल आणि तो शेवटी गिऱ्हाइकाच्याच बोडक्यावर बसेल. कुणीतरी विचारलं की सरकारने साठा कधी मोकळा करायचा. मी सगळं सांगत गेले. दर वाक्याला वाटायचं, आता कुणीतरी विचारेल. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते आणि हातांनी हप्ता आणि साठा. साडेबाराला अध्यक्षांनी सगळ्यांचे आभार मानले. मी आभार मानले आणि माझ्या कॅमेऱ्यावरचा दिवा विझला.

जोडीदारीण पाण्याची बाटली घेऊन पुढे आली. "बरं नाही का वाटत तुला? आणि जहाजाच्या नावाला ते काय केलंस?"

"अक्षरं केली."

"अक्षरं कुठे? हे असं केलंस." तिने तळहात छातीवर ठेवला, थरथरवला आणि पुढे नेला. "मला वाटलं, तुला कळ आली छातीत. मग म्हटलं, नवीन खूण निघालीय की काय. मला तरी नाही कळली."

ती कळणारं एकच माणूस टीव्हीसमोर बसलेलं होतं.

कंपनीचा फोन लागत नव्हता. टॅक्सी मिळेना, म्हणून रांगेतल्या गाड्यांच्या कडेने निम्मी वाट पळत गेले. जिन्यात शेजारची म्हणाली, "बघितलं हो तुम्हाला, छान केलंत." मी मान डोलावली.

दार उघडंच होतं. आई टीव्हीसमोर खुर्चीत बसल्या होत्या. टीव्ही बंद होता. गेल्यागेल्या कपड्यांवरून काही निघालं नाही. त्यांनी मला समोरच्या खुर्चीवर बसायची खूण केली आणि म्हणाल्या, "रिकामं होतं."

"हो."

"कधीपासून माहीत होतं तुला, तो तिकडे चाललाय?"

"दहा दिवस."

त्यांनी ते बाजूला ठेवलं. जसं काही त्याचा हिशेब नंतर करू. मग विचारलं, "माणसांचं काय म्हणाले ते? ते तू केलं नाहीस."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"तू गाळलंस. मला वाईट वाटेल म्हणून. एवढी शिकलेली माणसं बसली होती. कुणीतरी विचारलंच असेल, किती माणसं होती, वाचली का. काय म्हणाले?"

हो म्हणणं सोपं होतं. 'मीच गाळलं' एवढी एकच खूण. चौदा वर्षांच्या कामावर आणि सकाळच्या नेमावर मी त्या क्षणी पाणी सोडायला तयार होते. माझा हात उचललाही गेला.

आईंनी तो धरला. वर धरूनच ठेवला, म्हणजे मला बोलता येईना. मग सोडला आणि त्या स्वतःच म्हणाल्या, "नको. मी तुझ्याकडे नव्हतेच बघत नंतर. त्यांची तोंडं बघत होते. कुणी विचारलं असतं तर एकाचं तरी तोंड बदललं असतं."

फोन वाजला. मला वाजला, त्यांना माझ्या मानेवरून कळलं. मी तो मोठ्या आवाजावर टाकून टीव्हीच्या कपाटावर ठेवला, हात मोकळे राहावेत म्हणून. कंपनीतून कारकून बोलत होता. त्याने ह्यांचं नाव वाचलं, मी कोण ते विचारलं.

"एकेक वाक्य सांगा," मी म्हणाले. "समोर त्यांच्या आई आहेत."

"त्यांना द्या ना मग फोन."

"ऐकू येत नाही त्यांना."

तो जरा घुटमळला. मग वाचल्यासारखं बोलायला लागला. जहाजावर तेवीस जण होते. एकवीस जणांना दुसऱ्या जहाजाने उचललं. दोघं इंजिनखोलीत होते. मागच्या टाकीचा स्फोट झाला. आग अजून आटोक्यात नाही, त्यामुळे खाली जाता आलेलं नाही. त्या दोघांत तुमच्या यजमानांचं नाव आहे.

मी एकही शब्द सोडला नाही. 'यजमान' म्हणताना ह्यांची घरची खूण केली, गालाला लावलेलं एक बोट. लहानपणी पडलेल्या खळीची.

आईंचे हात मांडीवरून उठले. मी त्यांचा आवाज झाले. "माझ्या मुलाबरोबर खाली दुसरं कोण आहे?"

"मुलगा?" कारकून गोंधळला. "तुम्ही पत्नी ना?"

"त्यांच्या आई विचारताहेत."

"दुसऱ्याचं नाव मला सांगता येत नाही, बाई. नियम आहे."

आई म्हणाल्या, मी म्हणाले, "नाव नको. दोघं एकाच ठिकाणी होते की लांब लांब? एवढं बघून सांगा."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "थांबा, विचारतो," आणि फोनवर एक धून सुरू झाली. लोकांना ताटकळत ठेवताना लावतात तसली, बारीक, गोड.

"काय म्हणतोय?" आईंनी विचारलं.

"थांबा म्हणाला. गाणं लावलंय."

"कसलं गाणं?"

मला त्याची खूण सुचेना. धून संपायची, क्षणभर खरखर व्हायची आणि ती पुन्हा पहिल्यापासून लागायची. आई खुर्चीच्या कडेशी येऊन माझ्या हातांकडे बघत होत्या. माझे खांदे भरून आले होते, तरी हात मी हवेत तसेच धरून ठेवले. खाली ठेवले असते तर त्यांना वाटलं असतं, फोन संपला.