अर्ध्यावर मिटलेलं पुस्तक

सिस्टर धोबीखान्याच्या दारातच उभ्या राहिल्या. आत वाफ फार, चष्म्यावर लगेच धुकं चढतं, म्हणून वॉर्डातलं कोणी सहसा आत पाऊल टाकत नाही. मी मशीनमध्ये चादरी भरत होतो. त्या म्हणाल्या, "टेलरकाका रोज विचारतात. म्हणतात, हार कोणी चोरला तेवढं तरी सांगून जा."

मी म्हणालो, मला माहीत नाही.

"पुस्तक तुमच्याकडेच आहे ना?"

पुस्तक माझ्याकडेच होतं. घरी फळीवर, बायकोच्या चष्म्याच्या घराखाली. मी झाकण लावून मशीन चालू केलं, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये. पण सिस्टरांचा आवाज मशीनला भारी आहे. त्या म्हणाल्या, "दादा, फार दिवस नाहीत त्यांचे."

माझी बायको त्या वॉर्डात वाचून दाखवायची. दुपारची औषधं झाली की खिडकीजवळच्या स्टुलावर बसायची. चर्चनं तिला हे काम दिलं होतं, पण ती घेऊन जायची चोरीच्या आणि खुनाच्या कादंबऱ्या. मंडळीतल्या काही बायकांना ते खटकलं. पाळकसाहेबांनी एकदा जपून विषय काढला, तर ती म्हणाली, आजारी माणसाला आधी उद्याची ओढ तर लागू द्या, मग काय सांगायचं ते सांगू. पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं नाही.

तिची एक रीत होती. ऐन रंगात आलं की पुस्तक मिटायचं. दार उघडलं, आत कोणीतरी उभं होतं, की मिटलंच. मग वॉर्डात कालवा. टेलरकाका म्हणायचे, बाई, तुमच्यापेक्षा डॉक्टर बरे, सुई टोचतात ती एकदाच. ती हसायची आणि उठताना एकच शब्द बोलायची, "उद्या." काळजी घ्या नाही, देव भलं करो नाही. उद्या.

घरीही तेच. संध्याकाळी ती शुभवर्तमान वाचायची आणि मी ऐकायचो. माझी शाळा सहावीत सुटली, वाचायची गोडी कधी लागली नाही. प्रभूला वधस्तंभावरून उतरवलं, कबरेत ठेवलं, तोंडाशी धोंड लावली, की तिथं ती हमखास मिटायची. मी म्हणायचो, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, वाचून टाक की. ती म्हणायची, कबर बघून परतलेल्या त्या बायकांना ठाऊक नव्हतं ना. त्यांनाही थांबावंच लागलं. आपणही थांबू.

पुढं आजारात तिला पुस्तक हातात धरवेना, तेव्हा वाचायचं काम माझ्याकडं आलं. मी ओळीवर बोट ठेवून वाचायचो. अडलो की ती डोळे मिटूनच शब्द सांगायची. कुठंही थांबलो तरी म्हणायची, उद्या.

शेवटच्या संध्याकाळी मी धोंडीपाशी आलो आणि सवयीनं थांबलो.

"अहो," ती म्हणाली, "आज नका थांबू. पुढं वाचा."

मी वाचलं. बायका पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन गेल्या. धोंड बाजूला लोटलेली होती आणि आत प्रभू नव्हता. त्या घाबरून पळत सुटल्या. तिथं तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "बास. मिटा आता."

मी मिटलं आणि वाट पाहिली. ती काही बोलली नाही. वाटलं, डोळा लागला असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्यासाठी पाणी तापवत होतो, तेवढ्यात ती गेली.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब आशेवर बोलले. चांगलंच बोलले असणार, लोक डोळे पुसत होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की ती उद्या म्हणाली नाही. वॉर्डातल्या परक्या माणसांना रोज म्हणत होती आणि माझ्या वेळेला गप्प राहिली. म्हणजे तिला कळलं होतं. मग इतकी वर्षं ते काय होतं, नुसती वेळ काढायची युक्ती? काही दिवसांनी पाळकसाहेब घरी आले, म्हणाले, तिचं वाचन तुम्ही पुढं चालवा. मी त्यांना चहा दिला आणि जमणार नाही म्हणून सांगितलं. तिचं पवित्र शास्त्र आणि ती कादंबरी, दोन्हींना मी पुन्हा हात लावला नव्हता.

धोबीखान्यात बसून वॉर्डातलं सगळं कळतं. खाटेवरची चादर आणि उशीचा अभ्रा रोज खाली येतो. कांबळं येत नाही. माणूस आहे तोवर ते त्याच्या खाटेवरच राहतं. कांबळंही गाठोड्यात आलं की समजायचं, खाट रिकामी झाली. टेलरकाकांचं कांबळं मला लांबूनही ओळखता आलं असतं. आल्या आल्या त्यांनी सिस्टरांकडून सुईदोरा मागून त्याचा उसवलेला काठ शिवून घेतला होता. असलं कांबळं अंगावर घेऊन मेलो तर धंद्याची अब्रू जाईल, म्हणाले होते.

सिस्टर गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की मीही रोज सकाळी गाठोडं सोडताना तोच काठ शोधतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कादंबरी घेऊन वर वॉर्डात गेलो. कांबळ्याखाली टेलरकाका आहेत की नाहीत असं वाटावं इतके ते आटले होते. डोळे उघडून म्हणाले, "आलात? मला वाटलं, हार तुम्हीच चोरला."

सगळा वॉर्ड हसला. मी स्टुलावर बसलो. तिनं कागदाचा कपटा घातला होता तिथून सुरू केलं. काकांचा संशय घरजावयावर होता. शेजारच्या खाटेवरचा कंडक्टर स्वयंपाकिणीवर अडून बसला होता. मी अडखळलो की कंडक्टर अंदाजानं शब्द ठोकून द्यायचा, आणि काका त्याला गप्प बसवायचे. फौजदारानं घरातल्या सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. दार लावून घेतलं. चोर याच खोलीत आहे म्हणाला आणि बोट दाखवायला हात वर केला.

तिनं तिथंच मिटलं असतं. मीही मिटलं.

कालवा झाला नाही. सगळे माझ्या तोंडाकडं बघत राहिले. ते कशाची वाट बघताहेत हे मला कळत होतं, पण मी कागदाचा कपटा पानात घालत बसलो.

"म्हणा की," टेलरकाका म्हणाले.

मी नाही अशी मान हलवली. मग का कोण जाणे, त्यांच्याजवळ वाकून मी सांगितलं. कोणालाच सांगितलं नव्हतं. शेवटच्या संध्याकाळी तिनं थांबू दिलं नाही, पुढं वाचायला लावलं आणि मिटल्यावर उद्या म्हणाली नाही.

काकांनी माझ्याकडं मान वळवली. देवाधर्माचं त्यांना फारसं नव्हतं. म्हणाले, "मिटलं कुठं?"

"बायका घाबरून पळाल्या तिथं."

"मग? पुढं काय झालं त्यांचं?"

"ते पुढं आहे."

"म्हणजे अर्ध्यावरच मिटलं की हो," काका म्हणाले. "बाईंनी तुम्हालाही सोडलं नाही."

त्यांनी कांबळ्यातून हात काढून माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "राहू द्या. आज तुमच्या वतीनं मी म्हणतो. उद्या."

सकाळी गाठोडं सोडलं तेव्हा काकांचं कांबळं त्यात सगळ्यात वर होतं. काठाची शिवण बारीक, एकसारखी. मी ते बाजूला काढून थोडा वेळ हातात धरलं आणि मग इतर वॉर्डांतल्या कांबळ्यांबरोबर मशीनमध्ये घातलं.

दुपारी औषधं झाल्यावर वर गेलो. उद्या म्हणून सांगितलेलं होतं. काकांच्या खाटेवरची गादी उन्हाला खिडकीशी उभी केली होती. मी स्टूल होतं तिथंच ठेवलं आणि उरलेलं सगळं वाचलं. चोर घरातली म्हातारी आत्या निघाली. तिच्यावर कोणाचाच संशय नव्हता. कंडक्टर म्हणाला, काकांनी हे मान्यच केलं नसतं. मग तो भिंतीकडं तोंड करून पडला.

पुस्तक संपलं होतं. मी मिटलं. तरी कोणी हललं नाही.

"उद्या," मी म्हणालो.

कंडक्टरनं मान वळवून विचारलं, संपलं ना ते? मी हो म्हणालो आणि खाली आलो.

मशीन थांबलं होतं. दोन कांबळ्यांचे काठ धुण्यात उसवले होते. टेलरकाकांची शिवण जशीच्या तशी होती. ओलं कांबळं फार जड होतं, एरवी ते वाळत घालायला दोन माणसं लागतात. मी ते एकट्यानं उचललं आणि दोरीवर टाकलं.